डायलिसिस रक्त कसे स्वच्छ करते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायलिसिसवर असलेले रुग्ण, केंद्राबाहेर चार-चार तास बसून राहणारे त्यांचे नातेवाईक आणि क्रिएटिनिन वाढल्याचे नुकतेच कळलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे शक्यतो त्यांच्याच शब्दांत एकत्र केले आहेत. उत्तरांचा हेतू ही प्रक्रिया समजावून देणे एवढाच आहे. कोणाचे किती पाणी काढायचे आणि कोणती गोळी केव्हा द्यायची, हे त्या रुग्णाच्या नेफ्रॉलॉजिस्टने, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञानेच ठरवायचे असते.

१. किडनी निकामी झाली की रक्तात नेमके काय साचते?

निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, त्यातील हवे ते जवळजवळ सगळे परत शोषून घेतात आणि उरलेले दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. हे काम थांबले की युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फरस, आम्ल, मीठ आणि पाणी शरीरात अडकून राहते. रिपोर्टमध्ये सगळ्यांचे लक्ष क्रिएटिनिनकडे जाते, परंतु ते स्वतः फारसे विषारी नसून मूत्रपिंड किती काम करत आहे याची केवळ खूण आहे. तातडीने जीव घेऊ शकतात त्या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत: हृदयाचा ठोका बिघडवणारे पोटॅशियम आणि फुप्फुसांत उतरणारे पाणी.

२. मशीन रक्त गाळते म्हणजे काय करते? सगळे रक्त बाहेर काढून परत घालतात का?

सगळे रक्त कधीच बाहेर काढले जात नाही. कोणत्याही क्षणी नळ्या आणि डायलायझर यांत मिळून साधारण २०० ते २५० मिलिलिटर रक्त असते आणि ते सतत पुढे सरकत असते. एका सुईतून रक्त पंपाकडे येते, गुठळी होऊ नये म्हणून त्यात हेपॅरिन मिसळले जाते, डायलायझरमधून ते फिरते आणि दुसऱ्या सुईने शरीरात परत जाते.

खरी स्वच्छता मशीनमध्ये होत नाही, ती डायलायझर नावाच्या हातभर लांबीच्या पारदर्शक नळकांड्यात होते. त्यात केसासारखे बारीक आणि आतून पोकळ असे दहा हजारांच्या आसपास तंतू असतात. रक्त तंतूंच्या आतून वाहते आणि डायलिसेट नावाचे खास बनवलेले पाणी बाहेरून उलट्या दिशेने वाहते. तंतूंच्या भिंतींना अतिसूक्ष्म छिद्रे असतात. युरियाचा रेणू लहान असल्यामुळे, आणि डायलिसेटमध्ये युरिया मुळीच नसल्यामुळे, तो जास्तीकडून कमीकडे आपोआप सरकतो. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन वस्तुमानाने युरियाच्या हजारपट मोठे असते, म्हणून ते आतच राहते. रक्तपेशी तर त्याहून कितीतरी मोठ्या असतात.

हा प्रवाह एकाच दिशेने चालत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. डायलिसेटमध्ये पोटॅशियम बहुधा लिटरमागे २ मिलिमोलच्या आसपास ठेवलेले असते, त्यामुळे रक्तातले जास्तीचे पोटॅशियम बाहेर पडते. बायकार्बोनेट मात्र रक्तापेक्षा जास्त ठेवलेले असते, त्यामुळे ते आत शिरते आणि साचलेले आम्ल निवळते. सोडियमचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे असते. म्हणजे काय काढायचे आणि काय द्यायचे, हे डायलिसेटच्या घटकांवरून ठरते. जास्तीचे पाणी काढण्याची रीत वेगळी आहे: तंतूंच्या दोन बाजूंमध्ये दाबाचा फरक निर्माण करून ते ओढून घेतले जाते (प्रश्न ६ पाहा).

३. शरीरात रक्त पाचच लिटर. ते अर्ध्या तासात स्वच्छ व्हायला हवे, मग चार तास कशाला?

हा प्रश्न आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे यातूनच निघतात. पंप मिनिटाला ३०० मिलिलिटर रक्त फिरवत असेल, तर चार तासांत ७२ लिटर रक्त डायलायझरमधून जाते. म्हणजे शरीरातले रक्त चौदा-पंधरा वेळा फिरते. एकदाच फिरवून का भागत नाही? कारण युरिया केवळ रक्तात नसतो. ६० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात साधारण ३५ लिटर पाणी असते. त्यातले बरेचसे पेशींच्या आत आणि उरलेल्यातले बरेचसे पेशींच्या मधल्या जागेत असते, आणि युरिया या सगळ्या पाण्यात पसरलेला असतो. मशीनचा हात मात्र फक्त रक्तापर्यंत पोहोचतो. विहीर उपसली तरी भोवतालच्या झऱ्यांतून पाणी पाझरून ती पुन्हा भरते, तसे रक्तातला युरिया कमी झाला की पेशींमधला युरिया रक्तात उतरत राहतो. हा पाझर आपल्याच गतीने चालतो. पंपाचा वेग वाढवून तो हवा तेवढा वाढवता येत नाही.

डायलिसिस पुरेसे झाले की नाही, हे मोजण्याची पद्धतही याच हिशेबावर उभी आहे. डायलायझर मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर रक्तातला युरिया पूर्णपणे काढत असेल, तर चार तासांत ४८ लिटर रक्त स्वच्छ झाल्यासारखे होते. त्याला शरीरातल्या ३५ लिटर पाण्याने भागले की सुमारे १.३७ येते. या आकड्याला केटी बाय व्ही म्हणतात आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांमध्ये तो निदान १.२ असावा, असे मानले जाते. तीन तासांत उठणाऱ्या त्याच रुग्णाचा आकडा १.०३ वर येतो. ‘आज बरे वाटतेय, तासभर आधी सोडा’ ही विनंती टेक्निशियनला रोज ऐकावी लागते. तिची किंमत काय, ते या भागाकारातून दिसते.

४. डायलिसिसनंतर क्रिएटिनिन ४ आले, दोन दिवसांनी पुन्हा ९. मग उपयोग काय झाला?

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये दररोज तयार होते आणि ते बाहेर टाकणारा अवयव बंद आहे, त्यामुळे ते वाढणारच. डायलिसिस संपल्यावर पहिल्या तासाभरात होणारी थोडी वाढ तर पेशींतून होणाऱ्या पाझरामुळे असते (प्रश्न ३). एक उलटी गोष्टही लक्षात ठेवावी: डायलिसिसपूर्वीचे क्रिएटिनिन महिन्यामागून महिने कमी होत असेल आणि लघवी वाढलेली नसेल, तर ती आनंदाची बातमी असेलच असे नाही. खाणे कमी होऊन स्नायू झिजत असले, तरीही हा आकडा उतरतो.

५. आठवड्यातून तीनदाच का? आमच्याकडे दोनदाच करतात, चालेल का?

आठवड्यात १६८ तास असतात. त्यांतले १२ तास डायलिसिस आणि उरलेले १५६ तास साठवण, असा हा व्यवहार आहे. तीन सत्रे नीट झाली तरी निरोगी मूत्रपिंडांच्या कामाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भागच भरून निघतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे वेळापत्रक असेल, तर शुक्रवारनंतरचा खंड सर्वांत मोठा असतो. अमेरिकेतील रुग्णांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मृत्यू आणि हृदयविकाराने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण नेमके या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी अधिक आढळले. आठवड्यातून दोनदाच डायलिसिस असेल, तर याहूनही मोठा, तीन पूर्ण दिवसांचा खंड पडतो.

तरीही दोनदा हे प्रत्येक वेळी चूकच, असे म्हणता येत नाही. ज्यांना अजून पुरेशी लघवी होते आणि जिची तपासणी डॉक्टर ठरावीक काळाने करतात, अशा काहींना ते पुरते. खर्च परवडत नाही म्हणून दोनदा करणे मात्र वेगळे, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा कारण तेच असते. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत ही सोय केली जाते. सत्र कमी करण्याआधी तेथे चौकशी करावी.

६. ड्राय वेट म्हणजे काय? पाणी काढताना बीपी का पडते, पायात गोळे का येतात?

अंगावर सूज नाही, धाप नाही, बीपी ठीक आहे आणि चक्करही येत नाही, अशा स्थितीतले वजन म्हणजे ड्राय वेट. डायलिसिसला येताना वजन त्यापेक्षा जितके जास्त, तितके पाणी काढायचे असते. पाणी रक्तातून निघते आणि ऊतींमधले पाणी मागाहून त्याची जागा घेते. ओढ पाझरापेक्षा जलद झाली की रक्ताचे आकारमान घटते, बीपी पडते आणि पोटऱ्यांत गोळे येतात. म्हणून तासाला, दर किलो वजनामागे १३ मिलिलिटरपेक्षा वेगाने पाणी काढू नये, असा संकेत आहे. ६० किलोच्या माणसाला ही मर्यादा चार तासांत सुमारे तीन लिटरची होते. कोणी साडेचार किलो वाढवून आला, तर वेळ वाढवणे किंवा जादा सत्र घेणे हाच सरळ मार्ग उरतो.

वजन वाढू नये म्हणून पाणी मोजण्यापेक्षा मीठ मोजावे. लोणचे, पापड, फरसाण आणि वरून घेतलेले मीठ चालू ठेवून तहान आवरण्याचा प्रयत्न सहसा फसतो. ड्राय वेट कायमचे नसते, हेही विसरू नये. भूक सुधारून खरे वजन वाढले किंवा आजारपणात घटले, तर हा आकडा नव्याने ठरवावा लागतो.

७. मानेतली नळी व्यवस्थित चालते. मग हातावर फिस्टुला कशाला?

रोगापेक्षा रक्तवाहिनी मिळवणे हीच एके काळी डायलिसिसची सर्वांत मोठी अडचण होती. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, जर्मनव्याप्त नेदरलँड्समधील काम्पेन येथे, सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी फिरत्या पिंपावर गुंडाळून माणसावर वापरण्याजोगे पहिले मशीन तयार केले. मात्र प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि त्या लवकरच संपत. सिॲटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये टेफ्लॉनच्या नळीने धमनी आणि शीर हाताबाहेर जोडून ठेवली, तेव्हा कायमच्या निकामी मूत्रपिंडांवर वर्षानुवर्षे उपचार करणे प्रथमच शक्य झाले. नंतर १९६६ मध्ये मनगटाजवळ धमनी आणि शीर त्वचेखालीच एकमेकींना शिवण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मांडली. तोच आजचा फिस्टुला.

धमनीचा दाब शिरेत आल्यामुळे शीर रुंद आणि जाड होते, त्यातून मशीनला हवे तेवढे रक्त मिळते आणि ती वारंवार टोचणेही सोसते. यासाठी साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून शस्त्रक्रिया वेळेआधी करून घ्यावी. मानेतली नळी थेट हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत गेलेली असते आणि तिचे दुसरे टोक उघड्यावर असते. नळीवाटे होणारा जंतुसंसर्ग थेट रक्तात पोहोचतो. डायलिसिसनंतर थंडी वाजून ताप आला, तर पॅरासिटामॉल घेऊन घरी थांबू नये.

फिस्टुलाच्या हातावर बीपी मोजू देऊ नये, रक्त काढू देऊ नये, घट्ट बांगड्या किंवा घड्याळ घालू नये आणि तो हात उशाखाली घेऊन झोपू नये. रोज सकाळी बोट ठेवून थरथर जाणवते का ते पाहावे. थांबली असेल तर त्याच दिवशी केंद्र गाठावे.

८. पोटाच्या डायलिसिसमध्ये मशीन नाही, मग रक्त कसे स्वच्छ होते?

पोटाच्या आतले अस्तर, म्हणजे पेरिटोनियम, तेथे डायलायझरचे काम करते. कायमस्वरूपी बसवलेल्या नळीतून साधारण दोन लिटर द्रव पोटात सोडतात, चार ते सहा तास ठेवतात आणि मग काढून नवा भरतात. दिवसातून बहुधा चार वेळा. अस्तरातील केशवाहिन्यांमधला युरिया त्या द्रवात उतरतो आणि द्रवातील ग्लुकोज पाणी ओढून घेते. हे काम दिवसभर संथपणे चालत असल्यामुळे प्रश्न ३ मधला पाझर येथे अडचण ठरत नाही, आणि बीपी एकाएकी पडण्याचा धोकाही कमी असतो. ज्या गावापासून केंद्र साठ-सत्तर किलोमीटर दूर आहे, तेथील रुग्णांनी या पर्यायाबद्दल आवर्जून विचारावे. आपल्याकडे तो गरजेपेक्षा कमी वापरला जातो, असे आमचे मत आहे. अट एकच, हातांची आणि जागेची स्वच्छता. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला की तो पोटातल्या जंतुसंसर्गाचा इशारा समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.

९. एकदा डायलिसिस केले की त्याची सवय लागते, हे खरे का?

नाही. कायम चालू राहतो तो मूत्रपिंडाचा आजार. डायलिसिस त्याच्यामुळे चालू राहते. याचा पुरावा आपल्याच भागात दर पावसाळ्यात दिसतो. कोकणात लेप्टोस्पायरोसिसने किंवा शेतात घोणस चावून ज्यांची मूत्रपिंडे अचानक बंद पडतात, त्यांतील अनेकांना काही दिवस किंवा आठवडे डायलिसिस लागते आणि लघवी पुन्हा सुरू झाल्यावर ते थांबवता येते. या समजुतीपायी लोक धाप लागेपर्यंत थांबतात आणि मग पहिलेच सत्र अतिदक्षता विभागात करावे लागते.

१०. क्रिएटिनिन ८ झाले आहे. लगेच सुरू करावे का?

केवळ आकड्यावरून ठरवत नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लवकर सुरू करणाऱ्यांना, लक्षणे दिसेपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबलेल्यांपेक्षा अधिक आयुष्य लाभले नाही. औषधांना न जुमानणारे पोटॅशियम, आम्ल किंवा फुप्फुसातले पाणी, सततच्या उलट्या, गुंगी, हृदयाच्या आवरणाला सूज, यांपैकी काही असेल तर मात्र थांबता येत नाही. थांबण्याचा काळ फिस्टुला तयार करून घेण्यासाठी वापरावा (प्रश्न ७).

११. खाण्यात काय टाळावे? उपवास केला तर चालेल का?

उपवासाचा पदार्थ हलका असतो हा समज येथे उलटा पडतो. शेंगदाणे, बटाटा, रताळे, केळे, खजूर आणि सुकामेवा या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर, शेंगदाण्यात फॉस्फरसही. एकादशीच्या फराळानंतर पोटॅशियम वाढून रुग्ण रात्री दाखल होणे हे केंद्रांना नवीन नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे नेण्याची आपली रीत आहे. डायलिसिसच्या रुग्णाला ते देऊ नये. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून दिल्यास पोटॅशियम बरेच कमी होते. ‘लो सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, त्यामुळे ते येथे घातक ठरते. करमळ, म्हणजे बाजारात स्टार फ्रूट नावाने मिळणारे पाच धारांचे फळ, थोडेसुद्धा खाऊ नये. त्यातील मेंदूवर परिणाम करणारे द्रव्य मूत्रपिंडे बंद असताना बाहेर पडत नाही आणि उचकी, गोंधळ, झटके असे त्रास होतात.

प्रथिने मात्र कमी करू नयेत. डायलिसिसपूर्वी डॉक्टरांनी डाळ आणि अंडी कमी करायला सांगितलेली असतात आणि डायलिसिस सुरू झाल्यावरही घरचे तोच नियम पाळतात. प्रत्यक्षात प्रत्येक सत्रात अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, बाहेर जातात, त्यामुळे आता प्रथिनांची गरज वाढलेली असते.

१२. डायलिसिस वेळेवर होते, पथ्यही पाळतो, तरी फॉस्फरस वाढलेला का?

शरीरातले बहुतेक फॉस्फरस हाडांत आणि पेशींच्या आत असते आणि ते रक्तात सावकाश उतरते. पहिल्या तासा-दोन तासांत रक्तातले फॉस्फरस घटते आणि नंतर पाझराच्या गतीवर अडकून राहते (प्रश्न ३). म्हणून चार तासांचे सत्र त्याला पुरत नाही; रात्रभर चालणाऱ्या संथ डायलिसिसमध्ये ते बरेच चांगले निघते. उरलेले आतड्यातच अडवण्यासाठी फॉस्फेट बांधणाऱ्या गोळ्या देतात. त्या जेवताना घासाबरोबर घ्यायच्या असतात. रिकाम्या पोटी घेतल्यास त्यांना बांधायला काही उरत नाही.

१३. डायलिसिसच्या दिवशी गोळ्या घ्याव्यात की नाही?

पाण्यात विरघळणारी आणि लहान रेणूंची औषधे, उदाहरणार्थ काही प्रतिजैविके तसेच ब आणि क जीवनसत्त्वे, डायलिसेटबरोबर निघून जातात, म्हणून ती सत्रानंतर देतात. रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटणारी औषधे फारशी निघत नाहीत. बीपीच्या गोळीची वेळ, सत्रात बीपी पडते की चढते, हे पाहून ठरते. प्रत्येक गोळीपुढे ‘आधी’ किंवा ‘नंतर’ असे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

१४. लघवी दिवसाला लिटरभर होते, तरी डायलिसिस सांगितले. हे कसे?

लघवीचे प्रमाण पाण्याबद्दल सांगते, स्वच्छतेबद्दल नाही. मूत्रपिंड पाणी सोडत राहते, पण त्यात युरिया आणि आम्ल पुरेसे नसते, असे अनेकदा घडते. ही लघवी तरीही मोलाची आहे. मोठे रेणू आणि फॉस्फरस काढण्यात ती मशीनला मागे टाकते. वेदनाशामक गोळ्या आणि सत्रात वारंवार पडणारे बीपी यांनी ती लवकर आटते.

१५. इन्सुलिन कमी लागू लागले. मधुमेह बरा होतोय का?

दुर्दैवाने नाही. वापरून झालेल्या इन्सुलिनची विल्हेवाट लावण्याचे मोठे काम मूत्रपिंड करते. ते थांबले की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि तोच जुना डोस साखर धोकादायकरीत्या खाली आणतो. हिमोग्लोबिन कमी असल्यामुळे आणि त्यासाठी दिल्या जाणाऱ्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनमुळे तीन महिन्यांची साखर सांगणारी चाचणीही प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू शकते, म्हणून ग्लुकोमीटर जवळ ठेवावा.

१६. आरओचे पाणी एवढे महत्त्वाचे का? शेवटी ते रक्तात तर जात नाही.

मिनिटाला ५०० मिलिलिटर या हिशेबाने एका सत्रात १२० लिटर डायलिसेट तंतूंना स्पर्श करून जाते आणि प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे रेणू दोन्ही दिशांनी सरकतात. पिण्याच्या पाण्यातले क्लोरामाइन आपण सहज पचवतो. तेच डायलिसेटमधून आल्यास तांबड्या पेशी फुटतात. पूर्वी पाण्यातल्या ॲल्युमिनियममुळे रुग्णांची स्मृती आणि वाचा गेल्याचे आढळले होते. क्लोरीन काढून टाकणाऱ्या कार्बनच्या टाकीतून आलेल्या पाण्यात ते उरले आहे का, हे प्रत्येक पाळीआधी तपासतात का, हे केंद्रात विचारायला संकोच करू नये.

१७. तोच डायलायझर पुन्हा वापरतात. हे सुरक्षित आहे का?

नियम पाळले तर बहुतांशी होय. तो त्याच रुग्णासाठी असतो, त्यावर नाव असते आणि जंतुनाशकाने धुऊन, जंतुनाशकाचा अंशही उरला नाही हे तपासून तो लावतात. तंतूंची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की तो टाकून द्यायचा असतो. हिपॅटायटिस बी असलेल्यांचा डायलायझर पुन्हा वापरत नाहीत आणि त्यांचे मशीनही वेगळे ठेवतात. आपले नाव वाचूनच डायलायझर लावू द्यावा.

१८. मध्येच वीज गेली तर रक्त मशीनमध्ये अडकेल का?

बहुतेक मशीनना काही वेळ रक्तपंप चालवणारी बॅटरी असते. तीही संपली तर पंप हाताने फिरवण्याचा दांडा असतो आणि त्याने रक्त परत देता येते.

१९. किडनी ठणठणीत असतानाही विषबाधेत डायलिसिस करतात, ते का?

काही विषे मूत्रपिंडापेक्षा डायलायझर जलद काढतो. मिथेनॉल हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच मिथेनॉलने. त्याचा रेणू युरियाहूनही लहान असतो, तो प्रथिनांना चिकटत नाही आणि शरीरातल्या पाण्यातच पसरलेला असतो, त्यामुळे तो तंतूंतून सहज निघतो. त्यापासून तयार होणारे, डोळे घालवणारे फॉर्मिक आम्लही सोबत निघते. लिथियम आणि ॲस्पिरिनचा अतिडोस यांतही डायलिसिसचा उपयोग होतो. डिगॉक्सिनसारखे औषध मात्र ऊतींमध्ये इतके खोल मुरते की रक्तात त्याचा अल्पसा अंशच उरतो, आणि तेथे कितीही तास मशीन चालवले तरी हाती फारसे लागत नाही.